मिनिटाला ऐंशी

लोक मला विचारतात, "मिस्त्री, एवढ्या सायकली हाताखालून गेल्या, त्यात सगळ्यात अवघड काम कुठलं?" त्यांना वाटतं मी एखादी ट्रकखाली आलेली फ्रेम सांगेन. तशा फ्रेमी मी सरळ केल्या आहेत, पण ते अवघड नसतं. ठोकायला जागा आणि अंगात जोर असला की लोखंड ऐकतं. मला अवघड गेलं ते काड्यापेटीएवढं एक यंत्र. ते बिघडलेलं नव्हतं, तरी मी ते दोनदा मुंबईला परत घेऊन गेलो.

मुरबाडला एस.टी. स्टँडच्या मागे माझं दुकान सव्वीस वर्षं चाललं. नव्वदच्या सुमारास गावात मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि माझ्या दारात सकाळी सातला सायकलींची रांग लागायची. पंक्चर, चेन, ब्रेक ही रोजची कामं कोणीही करतो. माझं नाव होतं ते चढाच्या सायकलींसाठी. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणारा रस्ता पुढे पुढे चढत जातो, आणि त्या रस्त्याने दूध, गवत, भाजी, लाकडाच्या मोळ्या असं सगळं त्या काळी सायकलवरून यायचं-जायचं. ओझं लादलेली सायकल चढावर कशी चालेल हे मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलला किती दात आहेत यावर ठरतं. दात जास्त तर पायडल हलकं, पण ते फार वेळा मारावं लागतं. दात कमी तर पायडल जड, पण एका दमात सायकल लांब जाते. माणसाचं वजन, ओझं आणि चढ बघून दात ठरवणं ही माझी विद्या. ती मला कोणी शिकवली नाही, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन आली.

त्यात सगळ्यात जास्त शिव्या बारकूमामांच्या. हे टोकावड्याच्या पुढून दुधाचे दोन कॅन घेऊन यायचे आणि जाताना पेंड घेऊन चढायचे. घड्याळ वापरायचे नाहीत. चढ मोजायचे तो पायांनी. डाव्या पायाने एक दाब दिला की एक, उजव्याने दिला की दोन. अमक्या वळणापर्यंत एकशे ऐंशी पाय, तिथे थांबून विडी, पुढे आंब्यापर्यंत दोनशे वीस. त्या रस्त्याचे सगळे ओझेवाले असंच मोजत. मी फ्रीव्हील बदललं की मामा दुसऱ्या दिवशी हजर.

"मिस्त्री, काल वीस पाय वाढले माझे. विडीची जागा चुकली ना!"

"मामा, पण हलकं झालं ना पायडल?"

"हलकं कुनी मागितलं होतं? मला माझे पाय परत दे."

मी त्यांना त्यांचे पाय परत द्यायचो. असं करता करता मीही कुठलीही सायकल समोरून गेली की मनात पायच मोजायला लागलो. दुकानात बसल्या बसल्या रस्त्यावरच्या माणसाचे पाय मोजून मी सांगायचो की याचं फ्रीव्हील अठराचं आहे. गडी थांबवून दात मोजले तर अठराच निघत. त्याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू! तोच पुढे मला नडला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली हिरा माझ्याकडे आली. वय चोवीस. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली. शाळेत असतानाच तिथल्या खेळाच्या गुरुजींनी तिला सायकलीच्या शर्यतीत उतरवलं होतं आणि जिल्ह्यात ती पहिली आली होती. गुरुजींनीच खटपट करून तिला एक जुनी रेसिंग सायकल मिळवून दिली होती. ती सायकल ढकलत तिने माझ्या दुकानात आणली आणि म्हणाली, "काका, हिला चढाची करा."

मग तिने काय ते सांगितलं. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी काही जागा निघणार होत्या. जानेवारीत कसारा घाटात सायकलीची चाचणी, खालून वर एकेकाने चढायचं. वयाची अट पंचवीस. म्हणजे तिच्यासाठी ही पहिली आणि शेवटचीच भरती. तिच्या घरी जमीन नव्हती. भातकापणी उरकली की आई-बाबा सामानाचं बोचकं बांधून वीटभट्टीवर जायचे ते उन्हाळा संपताना परत यायचे. "माज्या नोकरीवर त्यांचं जानं बंद होईल," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "मग करूच गो."

उन्हाळ्यात ती पंधरा दिवस खेळाडूंच्या शिबिराला जाऊन आली होती. तिथल्या सरांनी तिची सायकल बघून एकच गोष्ट बजावली होती. तिने ती मला जशीच्या तशी सांगितली. "सर म्हनले, तू जोर लावतेस, वेग लावत नायस. चढाला मिनिटाला ऐंशी पायडल पायजे. त्याच्या खाली नाय."

मी म्हटलं, चल, बघू. टोकावड्याच्या पुढच्या चढावर मी मैलाच्या दगडावर बसलो, हातात घड्याळ, आणि तिला समोरून तीन वेळा चढवलं. तिन्ही वेळा पाय मोजले. शंभर.

मी हसलो. म्हटलं, "अगो, तू तर शंभर मारतेस. तुझे सर सांगतायत ऐंशी. उगाच वीस पाय फुकट घालवतेस तू."

तिला काहीतरी खटकलं असावं, पण समोर चढाचा एवढा नावाजलेला मिस्त्री! मी त्याच दिवशी तिचं फ्रीव्हील काढलं आणि कमी दातांचं बसवलं. पायडल जड झालं. परत चढवलं, परत मोजलं. चौऱ्याऐंशी. आणखी एक बदल केला, सीट थोडी वर घेतली. ऐंशी. बरोबर ऐंशी! मी घड्याळ खिशात टाकलं आणि तिला म्हटलं, "आता ही शिकवण पाठ कर. एक पाय इकडे-तिकडे नको."

श्रावण गेला, भादवा लागला. हिरा रोज चढत होती. गणपतीच्या सुमाराला तिचा गुडघा दुखायला लागला. आधी उतरताना, मग चढताना, मग जमिनीवर बसताना. तिच्या आईने कसला तरी पाला वाटून बांधला. कल्याणच्या डॉक्टरांनी सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, दुखतंय. आपलं कायतरी चुकतंय." मी दगडावर बसून परत मोजलं. ऐंशी. मी तिला म्हटलं, "ऐंशीला ऐंशी चाललंय. दुखायचं काही कारण नाही." हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा माझ्या आवाजात किती खात्री होती ते मला आजही आठवतं, आणि आजही लाज वाटते.

तिनेच मग एस.टी.डी. बूथवरून शिबिराच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, अंदाजाने मोजू नका, मीटर बसवा. बाहेरच्या देशातले खेळाडू लावतात तसा सायकलचा छोटा कॉम्प्युटर घ्या, पण नुसता वेग दाखवणारा नको, केडन्स दाखवणारा घ्या. केडन्स म्हणजे पायडल मिनिटाला किती वेळा मारलं जातं तो आकडा. हे सगळं हिराने कागदावर लिहून आणलं. मला तो कागद थोडा लागला. माझ्या डोळ्यांपेक्षा मीटर जास्त शहाणा का? पण तिच्या गुडघ्याकडे बघून मी मुंबईला गेलो.

आता ज्यांनी हे यंत्र बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण त्या वेळी आमच्या तालुक्यात ते कोणीच बघितलेलं नव्हतं. हँडलवर एक छोटा डबा बसतो, मनगटी घड्याळासारखा, आकडे दाखवणारा. पुढच्या चाकाच्या एका तारेला लोहचुंबकाचा तुकडा आवळायचा आणि चाक धरणाऱ्या चिमट्याला एक बोंडूक, म्हणजे चुंबक ओळखणारी छोटी गुंडी, बांधायचं. चाकाची फेरी झाली की चुंबक बोंडकासमोरून जातो आणि डबा ती फेरी टिपतो. चाकाचा घेर किती हे आपण त्याला आधी सांगून ठेवायचं. त्यासाठी टायरवर खडूची खूण करून, स्वार वर बसवून, सायकल एक फेरी पुढे ढकलायची आणि जमिनीवर टेप लावायचा. रिकामी सायकल ढकलली तर घेर चुकतो, कारण वजनाने टायर थोडा दबतो. केडन्ससाठी दुसरा चुंबक डाव्या पायडलच्या दांड्याला आणि दुसरं बोंडूक मागच्या डाव्या नळीला. डावीकडेच, कारण उजवीकडे चेन आणि दातेरी चक्र आडवं येतं. दोघांमध्ये अंतर काड्यापेटीतल्या काडीच्या जाडीएवढं. जास्त झालं की बोंडकाला चुंबक दिसत नाही, कमी झालं की खड्ड्यात आपटतं.

मुंबईच्या सायकल बाजारातल्या एका शेठने मला तीन डबे दाखवले. पहिला स्वस्त, पण त्यात केडन्सच नव्हता, तो बाजूला ठेवला. दुसऱ्यात होता, पण दोन लांब वायरी. तिसरा वायरीशिवाय चालणारा. मी आयुष्यभर डायनामोच्या वायरी जोडून वैतागलेला माणूस. वायर म्हणजे गवताच्या भाऱ्यात अडकणार, उंदीर कुरतडणार, पावसात गंजणार. मी वायरीशिवायचा उचलला. पैसे हिराच्या बक्षिसाचे होते.

दुकानात बसवला, घेर भरला, हिराला रस्त्यावर काढलं आणि मी मागून बारकूमामांच्या मुलाच्या राजदूत मोटारसायकलवर. सपाटीला ठीक होतं. चढ लागला आणि हिरा ओरडली, "काका, चाळीस दाखवतोय!"

"नीट बघ, ऐंशी असेल."

"चाळीस. चार आनि शून्य."

मी म्हटलं, यंत्र खोटं बोलतंय. आणि नशीब बघा, ते खरंच खोटं बोललं! सरळगावच्या पुढे एका जागी रस्त्यावरून हाय टेन्शनच्या तारा जातात. हिरा त्यांच्याखाली गेली आणि डबा दोनशे बारा दाखवायला लागला. पाय थांबवले तरी दोनशे बारा! वायरीशिवायचे ते डबे हवेतून निरोप पकडायचे, आणि तारांच्या खाली त्यांना तारांचाच निरोप ऐकू यायचा. मी एवढा खूश झालो की विचारू नका. "बघ! मी म्हणत नव्हतो?" कसारा घाटात तर रस्त्याच्या शेजारी रेल्वे, तिच्या डोक्यावर विजेच्या तारा. हा डबा तिथे काय कामाचा?

परत मुंबई. शेठला सांगितलं, याला तारा चालत नाहीत. शेठ भला माणूस, वाद न घालता वायरीचा दिला. हा माझा पहिला धडा, जो मी नंतर प्रत्येक विचारणाऱ्याला दिला: आपल्या रस्त्यावर काय आहे ते बघून यंत्र घ्या, दुकानात काय चमकतंय ते बघून नाही. वायरी मी फ्रेमच्या नळीला चिकटवून घट्ट बांधल्या, पाण्यात बुडवली तरी आत थेंब जाणार नाही असे जोड मेणाने बुजवले. बसवण्यात मी कसर ठेवली नव्हती.

हिरा चढावर गेली. चाळीस. तारांच्या खाली, चाळीस. पावसात, चाळीस. दोन दिवस, चार दिवस, एकेचाळीस, चाळीस, चाळीस.

मी दगडावर बसून माझ्या घड्याळावर ऐंशी मोजत होतो आणि डबा चाळीस म्हणत होता. मधल्या काळात हिरा लंगडत चालायला लागली होती. ती म्हणाली, "काका, मी पायडल हलकं करू का? चाळीसच असेल तर?" मी म्हटलं, "नाही. यंत्र अर्धंच मोजतंय. मी बदलून आणतो." अर्धंच! म्हणजे शब्द माझ्या तोंडात आला होता, तरी डोक्यात शिरला नव्हता.

तिसऱ्यांदा शेठसमोर उभा राहिलो तेव्हा तोही कंटाळला होता. म्हणाला, "काका, बैठो. आपके सामने दिखाता हूँ." दुकानात एक सायकल स्टँडवर उभी होती. त्याने माझा डबा तिला बांधला आणि हाताने पायडल सावकाश फिरवायला लागला. फिरवता फिरवता मोठ्याने मोजत होता. सवयीने मीही मनात मोजायला लागलो. डावं पायडल खाली आलं, मी म्हटलं एक. उजवं खाली आलं, मी म्हटलं दोन. डावं परत वर येऊन खाली गेलं तेव्हा शेठ म्हणाला, "एक."

मी म्हटलं, "तीन."

शेठने हात थांबवला. "कसले तीन? पूरा चक्कर एक. ये बायें पैर का मॅग्नेट है ना, एक चक्कर में एक बार आएगा."

मी स्टुलावर बसलो तो बसलोच. शेठला वाटलं मला चक्कर आली, त्याने पाणी मागवलं. सगळ्या जगात पायडल पूर्ण फिरलं की एक धरतात. डावा-उजवा वेगळा मोजायचा तो टोकावड्याच्या चढावरच्या ओझेवाल्यांनी, आणि मी त्यांचाच शिष्य. सरांचे ऐंशी म्हणजे माझे एकशे साठ. हिरा माझ्याकडे आली तेव्हा पन्नासावर होती. सरांनी तिला तीस वाढवायला सांगितले होते. मी दहा कमी केले, वर जड दात बसवून तिच्या गुडघ्यावर पैज लावली. मीटरने मला दहा दिवस ओरडून सांगितलं, हिराने सांगितलं, गुडघ्याने सांगितलं. मी सगळ्यांना खोटं ठरवलं.

सरळ वैशाखऱ्याला गेलो, दुकानातही उतरलो नाही. भातकापणी चालू होती. हिरा गावातल्या एका शेतकऱ्याच्या खाचरात पाय लांब करून बसून पेंढ्या बांधत होती, कारण वाकून कापायला गुडघा देत नव्हता. शेजारी तिचे बाबा कापत होते. मी बांधावर उभा राहून टोपी हातात घेतली आणि सगळं सांगून टाकलं. पाय, फेरे, शंभर, पन्नास, सगळं.

हिराने हातातली पेंढी पूर्ण बांधली. मग म्हणाली, "म्हंजे सर वाढव म्हनले आनि तुमी कमी केले?"

"हो."

"आनि मी दुखतंय म्हनले तवा तुमी काय म्हनले?"

तिचे बाबा म्हणाले, "मिस्त्री, बसा, पानी घ्या." मला बसवेना. हिरा दुसरी पेंढी ओढून घेत म्हणाली, "आठ दिवस मला तोंड दावू नका काका." शेवटी 'काका' म्हणाली, त्या एका शब्दाच्या आधारावर मी परतीची एस.टी. पकडली.

आठ दिवस म्हणाली होती, पाचव्या दिवशी दुकानाच्या दारात उभी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "टाइम नाय काका. राग नंतर काढीन. पयलं हलकं करा."

अडीच महिने उरले होते. मी माझ्याकडचं जास्तीत जास्त दातांचं फ्रीव्हील बसवलं, सीट खाली घेतली, पायडलवर बुटाची जागा बदलली. पहिले पंधरा दिवस तिला चढाला जाऊच दिलं नाही. सपाटीवर, हलक्या पायाने, पंचावन्न. पाय वेगाने फिरायला लागले की ती सीटवर उडायची, तव्यावरच्या लाह्यांसारखी. मग तिचं तिलाच हसू यायचं. पंचावन्नचे साठ झाले. सूज उतरायला लागली. साठचे अडुसष्ट. एक दिवस ती चिडून म्हणाली, "एवढा पाय फिरवते आनि सायकल जातच नाय." बघतो तर ती केडन्स बघतच नव्हती, वेग बघत होती. डब्यावर वर मोठा आकडा वेगाचा आणि खाली केडन्सचा. मी चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि वेगाच्या आकड्यावर लावून टाकला. वर तीन आठवडे काळी पट्टी, खाली एकच आकडा. त्यानंतर मीटर निवडायला कोणी आलं की मी हेच सांगायचो: किती गोष्टी दाखवतो ते बघू नका, जी गोष्ट हवी ती मोठी आणि खाली अंगठ्याजवळ दिसते का ते बघा.

डिसेंबरात ती चढावर गेली. बाहत्तर. वरच्या वळणावर पंचाहत्तर. बारकूमामा कॅन लावलेली सायकल थांबवून बघत राहिले आणि म्हणाले, "पोरीचे पाय किती वाढवलेस रे, मिस्त्री!" मी म्हटलं, "मामा, तिला विडीला थांबायचं नाही." आई-बाबांचं भट्टीवर जायचं बोचकं त्या वर्षी जानेवारीपर्यंत बांधलं गेलं नाही. भट्टीवाल्याच्या मुकादमाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, चाचणी झाली की कळवतो. हे हिराला माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलत नव्हतो.

चाचणीच्या सकाळी कसाऱ्याला चांगलीच थंडी होती. खाली एकेकाला सोडत होते, मध्ये दोन-दोन मिनिटांचं अंतर. मी आधीच एका ट्रकने अर्ध्या घाटात जाऊन एका वळणावर उभा राहिलो. आमच्यासारखे तीन-चार मिस्त्री, भाऊ, बाप तिथे जमले होते. पहिल्या मुली आल्या त्या ताकदीच्या होत्या, खांदे हलवत, एकेक पायडल दाबत चढत होत्या. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "काय जोर आहे!" मला तो जोर आता ओळखीचा होता आणि त्याची किंमतही.

मग हिरा दिसली. खांदे स्थिर, डोकं खाली, पाय नुसते फिरतायत. शेजारचा म्हणाला, "हिचं पायडल रिकामंच फिरतंय वाटतं." माझा हात घड्याळावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी एकच पाय मोजला, डावा. उजव्याकडे मुद्दाम बघितलं नाही. वळण येऊन संपेपर्यंत अर्धं मिनिट मिळालं. एकोणचाळीस. म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. मी ओरडलो, "दोन कमी आहेत गो!" ती न बघता ओरडली, "दिसतंय मला!" आणि वळणाआड गेली.

सहा जागा होत्या. हिरा चौथी आली.

वर पोहोचलो तेव्हा ती रस्त्याकडेला बसून गुडघा दाबत होती. मला बघून म्हणाली, "सवय लागलीय दाबायची. दुखत नाय." ते पूर्ण खरं नव्हतं. तो गुडघा पावसाळ्यात अजून दुखतो, आणि ते माझ्या नावावर आहे. ते कधी माझ्या नावावरून उतरणार नाही, आणि उतरावं असंही मला वाटत नाही.

पंधरवड्याने ती भरतीची कागदपत्रं घेऊन दुकानात आली. एका फॉर्मवर एक रकाना होता: प्रशिक्षकाचे नाव व सही. नावापुढे तिने तिच्या गोल अक्षरात माझं पूर्ण नाव लिहून आणलं होतं. माझ्या वडिलांच्या नावासकट, जे तिने कुणाकडून तरी विचारून घेतलं असणार.

मी म्हटलं, "हे काय करून ठेवलंस? तिथे शिबिराच्या सरांचं नाव घाल. ऐंशी त्यांनी सांगितले. मी सातवी पास सायकल मिस्त्री. मी तर तुझा गुडघा घालवला."

हिराने फॉर्म उलटसुलट करून नीट बघितला. मग काउंटरवर ठेवून पेन माझ्या हातात दिलं.

"गुडगा कुनी घालवला त्याचा रकाना नाय काका यावर. आनि तीन येळा मुंबईला कोन गेलं त्याचापन नाय. हाय तो एकच हाय. करा सही."

मी घासलेट लावून हात पुसले, साबणाने धुतले, तरी अंगठ्याचा काळा डाग कागदाच्या कडेला उमटलाच. सही केली. खाली कुणाला फसवल्यासारखं वाटू नये म्हणून स्पष्ट अक्षरात लिहिलं, 'सायकल मिस्त्री, मुरबाड'. त्यामुळे फॉर्म परत येईल अशी मला भीती होती. नाही आला. त्या वर्षी भट्टीवाल्याचा मुकादम पाड्यावर आला तेव्हा हिराच्या आईने त्याला अंगणात बसवून चहा दिला आणि तसाच परत पाठवला.